झुकिनीचे वाण आणि नवी मुंबईतली बाग

झुकिनी म्हणजे ‘कुकर्बिटा पेपो’ या प्रजातीच्या भोपळ्याचे कोवळे फळ. प्रजाती मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोतल्या गिला नाकित्स गुहेत तिच्या लागवडीच्या बिया सापडल्या, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या. कोलंबसानंतर हा भोपळा युरोपात पोहोचला. आज बाजारात दिसणारी सरळ, दोन्ही टोकांना सारख्या जाडीची झुकिनी मात्र फार जुनी नाही. इटलीत, मिलानच्या आसपास, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती निवडीतून घडली आणि १९२० च्या दशकात इटालियन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली.

भारतात याच प्रजातीचा ‘चप्पन कद्दू’ उत्तरेकडे पिकतो. महाराष्ट्रात भाजीला लाल भोपळा आणि दुधी होतेच, त्यामुळे झुकिनीला घरोघरी जागा मिळायला वेळ लागला. मुंबईचा घाऊक भाजीपाला बाजार १९९६ मध्ये वाशीला हलला. तिथे ब्रोकोली, लेट्यूसच्या सोबतीने येणारी झुकिनी आधी हॉटेलांची भाजी होती. पुढे ती किरकोळ दुकानांत आणि नेरूळ, बेलापूरच्या गच्चीवरच्या कुंड्यांत आली.

बियांच्या पाकिटावर बहुधा ‘हिरवी’ किंवा ‘पिवळी’ एवढेच छापलेले असते, आणि घोटाळा तिथेच होतो. रंग फसवतो, वाण ओळखायचा तो आकारावरून. इस्रायली संशोधक हॅरी पॅरिस यांनी १९८६ मध्ये या प्रजातीच्या खाद्य वाणांचे आठ गट पाडले, तेही मुख्यतः फळाच्या घडणीवरूनच. सरळ दंडगोल फळ खऱ्या झुकिनी गटातले. ‘ब्लॅक ब्यूटी’ त्यातली गडद हिरवी, तर १९८० मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळवणारी ‘गोल्ड रश’ सोनेरी. फळ खूप लांब, फुलाकडच्या टोकाला फुगलेले आणि बहुधा पट्टेदार असेल तर ते ‘कोकोझेले’. आखूड, फिकट हिरवे, देठाकडे निमुळते होणारे फळ ‘मॅरो’ गटातले. लेबनीज वाण याच धाटणीचे. चेंडूसारखी गोल ‘राँद द नीस’ फ्रान्सची, आणि कडेला कंगोरे असलेली चपटी चकती म्हणजे ‘पॅटीपॅन’.

फळ धरण्याआधीही झाड बरेच काही सांगते. झुकिनी झुडपासारखी एका जागी वाढते, लाल भोपळ्यासारखी मांडवभर पसरत नाही. पाने खोल कापलेली आणि खरखरीत, देठांवर बोचरी लव. फळाचा देठ कडक आणि ठळक कंगोऱ्यांचा असतो. लाल भोपळ्याच्या एका प्रजातीत तोच देठ फळापाशी पसरट होतो. कित्येक वाणांच्या पानांवर शिरांच्या बेचक्यांत चंदेरी ठिपके उमटतात. नवखा माणूस त्यांना भुरी रोग समजून फवारणी करतो. भुरीची पांढरी पूड बोटाला लागते, हे ठिपके मात्र पानातच असतात.

नवी मुंबईत पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास बी टाकणे सोयीचे. मोठ्या कुंडीत एकच झाड लावावे. सहसा आधी नर फुले येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते आणि त्या फळाचा आकारच वाणाची पहिली खूण. फुले सकाळी उमलतात आणि ऊन चढता चढता मिटू लागतात. उंच मजल्यावर मधमाश्या कमी येत असतील, तर नर फुलाचे परागकण सकाळीच हाताने मादी फुलाला लावावे लागतात. उरलेल्या नर फुलांची भजी होतात, जशी लाल भोपळ्याच्या फुलांची घरोघरी होत आली आहेत.

घरचे बी राखल्यास वाण टिकेलच असे नाही, कारण याच प्रजातीचे दोन वाण शेजारी असले की सहज संकर होतो. संकरित वाणाचे बी तर पुढच्या पिढीत बदलतेच. एखादे फळ कडू लागले तर ते शिजवूनही खाऊ नये. कडवटपणा कुकर्बिटॅसिन या द्रव्याचा असतो, ते विषारी असून उष्णतेने जात नाही.