हैदराबादच्या बससेवेची वाटणी : १९३२ ते २०१६

राज्याचे विभाजन झाले की नकाशावर नवी सीमारेषा दिसते. पण बसगाड्या, आगारे, जमिनी, कर्जे आणि दप्तर यांची वाटणी कशी होते? हैदराबादच्या उदाहरणावरून हे समजून घ्या.

१९३२ मध्ये निजाम राज्याच्या रेल्वेने २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांसह बससेवा सुरू केली. बससेवा हा तेव्हा रेल्वेचाच एक विभाग होता. १९५० मध्ये ही रेल्वे केंद्र सरकारकडे गेली. बससेवा मात्र पुढे हैदराबाद राज्याच्या ताब्यात आली. १९५६ मध्ये ते राज्यच विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नडभाषक जिल्हे म्हैसूरमध्ये आणि तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला. बससेवेचेही तसेच भाग पडले. पुढे १९५८ मध्ये आंध्र प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले.

२०१४ मध्ये तेलंगणा वेगळा झाला आणि पुन्हा वाटणीची वेळ आली. पुनर्रचना कायद्यातील सूत्र लक्षात ठेवा : जे आगार ज्या राज्यात, ते त्या राज्याचे, मुख्यालयाची वाटणी मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे आंध्र प्रदेश ५८.३२ टक्के आणि तेलंगणा ४१.६८ टक्के. आगारांचा प्रश्न त्यामुळे सोपा झाला. वाद उरला तो मुख्यालयाचा. मुख्यालय म्हणजे फक्त प्रशासकीय इमारत, की हैदराबादमधील इतर सामायिक मालमत्ताही? ‘मुख्यालय’ या एका शब्दाच्या अर्थावर कोट्यवधींची मालमत्ता अवलंबून होती. २०१६ मध्ये तेलंगणाचे स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले, तरी हा वाद रेंगाळत राहिला.

आता दप्तराचा विचार करा. इमारतीची किंमत ठरवून हिस्सा देता येतो; सेवापुस्तकाचे तसे तुकडे करता येत नाहीत. वाटणीत दुसऱ्या राज्याकडे गेलेल्या चालकाची नेमणूक कधी झाली, वेतन किती, ज्येष्ठता कोणती, हे त्या पुस्तकातच असते. ते नव्या कचेरीत पोचले नाही, तर कित्येक वर्षांची नोकरी सिद्ध करणे त्याला कठीण जाते. म्हणून हस्तांतरणाची यादी हा निव्वळ कारकुनी कागद नसून कर्मचाऱ्याच्या हक्काचा पुरावा आहे, आणि इतिहासाचे साधनही.

विचार करा : तुमच्या राज्यातील बससेवा पूर्वी कोणाच्या ताब्यात होती? तिचे जुने दप्तर आज कोठे असेल?