कार्निव्हल ऑफ सोल्स
कार्निव्हल ऑफ सोल्स : अल्प खर्चात तयार झालेला एक अमेरिकन कृष्णधवल भयचित्रपट (१९६२). दिग्दर्शक हर्क हार्वी (१९२४–९६). हार्वी हे कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथील सेंट्रॉन या संस्थेत शैक्षणिक व औद्योगिक लघुपट तयार करीत. प्रवासात त्यांना यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट सरोवराकाठी सॉल्टेअर हे ओसाड विहारस्थान दिसले. तेथील भव्य नृत्यगृह १९५८ मध्ये बंद पडले होते. या वास्तूवरूनच चित्रपटाची कल्पना सुचली व सेंट्रॉनमधील सहकारी जॉन क्लिफर्ड यांनी पटकथा लिहिली. स्थानिक व्यावसायिकांकडून भांडवल जमवून, नोकरीतून घेतलेल्या सुमारे तीन आठवड्यांच्या रजेत चित्रीकरण उरकण्यात आले. एकूण खर्च सुमारे ३० हजार डॉलर होता.

कथानायिका मेरी हेन्‍री (कँडेस हिलिगॉस) हिची मोटार पुलावरून नदीत कोसळते. बऱ्याच वेळाने ती एकटीच पाण्यातून वर येते. पुढे ती यूटात चर्चमधील ऑर्गनवादक म्हणून रुजू होते. परंतु एक पांढुरका, प्रेतवत पुरुष तिला वारंवार दिसू लागतो. मधूनमधून तिच्याभोवतीचे जग निःशब्द होते आणि ती कोणालाच दिसेनाशी होते. अखेरीस ओसाड नृत्यगृहात मृतांचे नृत्य चालू असलेले तिला दिसते. नदीतून वर काढलेल्या मोटारीत मात्र मैत्रिणींसमवेत तिचाही मृतदेह आढळतो. प्रेतवत पुरुषाची भूमिका स्वतः हार्वी यांनी केली आहे. रक्तपात किंवा खर्चिक चमत्कृती यांऐवजी रिकाम्या जागा, अनपेक्षित शांतता आणि जीन मूर यांचे ऑर्गनसंगीत यांच्या योगे भय निर्माण करणे, हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य होय. खर्चाच्या मर्यादेतूनच त्याची शैली घडली.

प्रथम प्रदर्शनात चित्रपट अयशस्वी ठरला. वितरकाने तो कापून छोटा केला व पुढे त्या वितरणसंस्थेचाच व्यवहार बंद पडला. प्रदर्शित प्रतींवर स्वामित्वाधिकाराची सूचना नव्हती. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार अशी सूचना आवश्यक असल्याने चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. शुल्क द्यावे लागत नसल्यामुळे दूरचित्रवाणी केंद्रे तो रात्री उशिरा वरचेवर दाखवीत. पुढे त्याच्या स्वस्त चित्रफितीही निघाल्या. चित्रपटगृहांत न लाभलेला प्रेक्षक त्यास अशा रीतीने घरोघरी लाभला आणि त्यातूनच त्याचा निष्ठावंत चाहतावर्ग तयार झाला. निर्मात्यांना मात्र या प्रसाराचा आर्थिक मोबदला मिळू शकला नाही. जॉर्ज रोमेरो यांच्या नाइट ऑफ द लिव्हिंग डेड (१९६८) या चित्रपटावर त्याचा प्रभाव मानला जातो. तोही याच प्रकारच्या त्रुटीमुळे सार्वजनिक मालकीचा झाला, हा योगायोग लक्षणीय आहे.

१९८९ मध्ये चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला आणि समीक्षकांनी त्याची दखल घेतली. २००० मध्ये क्रायटेरियन या संस्थेने तो मूळ लांबीच्या आवृत्तीसह प्रकाशित केला. सॉल्टेअरची ती वास्तू १९७० मध्ये आगीत भस्मसात झाली होती. त्यामुळे तिचे दृश्य स्मारक म्हणूनही चित्रपटास महत्त्व आहे. हार्वी यांनी त्यानंतर एकही कथापट दिग्दर्शित केला नाही. तथापि उशिरा झालेला हा गौरव त्यांना हयातीतच पाहता आला. एखाद्या कलाकृतीचे आयुष्य तिच्या पहिल्या प्रदर्शनातील यशापयशावरून ठरत नाही, याचे हा चित्रपट एक बोलके उदाहरण होय.