न कापणारी कात्री

आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून सुमारें १०० किलोमीटरवर अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत विश्वंतर जातकाची कथा भिंतीवर रंगविलेली आहे. राजपुत्राचें दान, त्याचें वनगमन असे प्रसंग तेथें एकाशेजारीं एक येतात. कोठें खांब, कोठें वृक्ष त्यांना वेगळे करतो. कोणता प्रसंग घ्यावा, कोणता गाळावा आणि कोणाशेजारीं काय ठेवावें, हाच विचार चित्रपटाच्या संकलकास करावा लागतो. फरक इतकाच कीं, त्याची भिंत काळाची असते. या संकलकाच्या हत्याराचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईस प्रदर्शित झाला. त्याची लांबी सुमारें ३,७०० फूट होती. कोर्‍या फिल्मच्या कडांना भोकें पाडण्याचें कष्टाचें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरींच करीत. त्या काळीं संकलनाचें हत्यार म्हणजे खरोखरीची कात्रीच. पुढें १९२४ सालीं अमेरिकेंत ‘मूव्हिओला’ यंत्र निघालें आणि चित्र हलतें पाहून तें कोठें कापावें हें ठरवितां येऊं लागलें. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट धांवते. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटास १०,८०० फूट झाली. चित्रीकरण याच्या कितीतरी पट. संकलक कापी ती कामापुरती प्रत. मूळ निगेटिव्हला कात्री लागे ती सर्व निर्णय झाल्यावर. पुण्यास प्रभात कंपनीच्या आवारांत १९६० सालीं निघालेल्या फिल्म संस्थेंत हीच विद्या विद्यार्थ्यांना दिली जाई.

व्हिडिओ टेपचा प्रकार निराळा. तींत एका टेपवरून दुसरीवर तुकडे ओळीनें उतरवून घ्यावयाचे. मधलाच एखादा तुकडा लांबवावयाचा झाला तर पुढचें सर्व काम पुन्हां करावें लागे, आणि प्रतीची प्रत काढतांना चित्र फिकें पडे. १९७१ सालच्या ‘सीएमएक्स ६००’ यंत्रानें चित्रें संगणकाच्या तबकड्यांवर ठेवून हवा तो तुकडा हवा तेव्हां समोर आणला. पण तें फार महाग होतें आणि त्यावरील चित्र काळें-पांढरें व अस्पष्ट दिसे. खरी क्रांति पुढें झाली. १९८९ सालीं ‘अ‍ॅव्हिड’, १९९१ सालीं ‘अ‍ॅडोबी प्रीमियर’ आणि १९९९ सालीं अ‍ॅपल कंपनीचा ‘फायनल कट प्रो’ असे प्रोग्रॅम आले. यांपैकीं शेवटच्या दोहोंचा मूळ कर्ता रँडी उबिलोस हा एकच होय.

या प्रोग्रॅमचें मर्म असें कीं, त्यांची कात्री कांहींच कापीत नाहीं. मूळ चित्रण जसेंच्या तसें राहतें. अमुक तुकडा अमुक फ्रेमपासून अमुक फ्रेमपर्यंत दाखवावा, त्याखालीं अमुक आवाज द्यावा, रंग इतका गडद करावा, अशा नुसत्या नोंदी ठेवल्या जातात. नोंद बदलली कीं चित्रपट बदलला. पश्चात्तापास नेहमींच जागा राहते.

परंतु या सोयीची किंमतहि आहे. जून २०११ मध्यें ‘फायनल कट प्रो’ची अगदीं नवी आवृत्ति निघाली. तिला जुन्या आवृत्तींत केलेल्या नोंदी वाचतां येईनात. अनेक कॅमेर्‍यांचें चित्रण एकत्र जुळविण्याची सोयहि तींत नव्हती. व्यावसायिक संकलकांत मोठी नाराजी पसरली. ही सोय जानेवारी २०१२ मध्यें परत आली. पण जो बोध व्हावयाचा तो झाला होता. चित्रण शाबूत असूनहि संकलकाची मेहनत मुकी होऊं शकते.

फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’चा कांहीं भागच आज उरला आहे. तेथें फिल्मच गेली. आतां फिल्मऐवजीं नोंद जाण्याचें भय आहे. ‘डाव्हिंची रिझॉल्व्ह’सारखा प्रोग्रॅम २०११ पासून विनामूल्यहि मिळूं लागल्यामुळें ही विद्या घरबसल्या शिकणें शक्य झालें आहे, हें खरोखर मोठें सुदैव. मात्र घरच्या लग्नमुंजींचें चित्रण जुळविणार्‍या तरुणांनीं इतकें करावें: नोंदींवर विसंबून न राहतां तयार झालेला चित्रपट सर्वत्र चालेल अशा साध्या स्वरूपांत उतरवून घ्यावा, आणि त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या.