गुलाबी सोन्याचा हिशेब

मंडळी, आमच्या घरात कोळंबीची खिचडी म्हणजे सणच! पण या कोळंबीला 'सोन्याचा' भाव कसा आला, तो इतिहास वाचल्यापासून डोक्यात घोळतोय. म्हटलं, लिहून टाकावं.

गोष्ट केरळची. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि कोल्लमजवळच्या नींडकरा-शक्तिकुलंगरा गावांत इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. हेतू अगदी चांगला होता. मच्छीमाराला इंजिनाची होडी आणि बर्फ मिळावा, लोकांना स्वस्त मासळी मिळावी. सोबत दवाखाना आणि पिण्याचं पाणीसुद्धा.

कोळंबी तेव्हा वाळवून ब्रह्मदेशात जायची, भाव बेताचाच. पण १९५३ पासून गोठवलेली कोळंबी कोचीहून अमेरिकेला जाऊ लागली आणि सगळं गणितच बदललं. कोळंबी राहते समुद्राच्या तळाशी. ती पकडायची तर ट्रॉल हवा, म्हणजे तळावरून ओढत न्यायचं पिशवीसारखं जाळं. तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या. पुढे हीच पद्धत सगळीकडे पसरली.

फायदा खोटा नव्हता, हे आधी मान्य करायला हवं. देशाला डॉलर मिळाले, बर्फाचे कारखाने उभे राहिले, कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये हजारो बायकांच्या हाती पैसा आला.

पण जाळं निवड करत नाही. कोळंबीबरोबर माशांची पिल्लं, खेकडे, शिंपले, जे येईल ते वर येतं. फळ्या तळ खरवडून काढतात. १९७३ मध्ये केरळात कोळंबीची आवक ८० हजार टनांच्या वर गेली, आणि मग काही वर्षांतच निम्म्याहूनही खाली आली. त्यात ट्रॉलर किनाऱ्याजवळच फिरायचे, म्हणजे वल्ह्याच्या होडीवाल्याच्या अंगणातच! त्याची जाळी फाटायची, समुद्रात मारामाऱ्या व्हायच्या.

१९८० साली कायदा झाला, किनाऱ्याजवळचा पट्टा छोट्या होड्यांसाठी राखला गेला. पण कागदावरच्या रेषा समुद्रात कुणाला दिसणार? पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, समित्या बसल्या. पावसाळा हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ, तेव्हा तरी ट्रॉलर थांबवा, एवढंच त्यांचं मागणं. ट्रॉलरवाल्यांचा विरोध होता, कारण नींडकराला कोळंबीचा खरा हंगाम पावसाळ्यातच! अखेर १९८८ मध्ये बंदी आली. आज ती ५२ दिवसांची आहे. तिच्यामुळे मासळी किती वाढली यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, पण आता ती मोडा असं सहसा कुणी म्हणत नाही.

गंमत पाहा, आपल्या कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी समुद्रात न घालण्याची रीत किती जुनी! त्यासाठी समित्या लागल्या नव्हत्या.

मला ट्रॉलरवाला खलनायक वाटत नाही. डोक्यावर कर्ज असलेला माणूस जाळं टाकणारच. खरी गोम हिशेबात आहे. डॉलर लगेच मोजता आले, त्यांची नोंद सरकारी वहीत झाली. खरवडलेल्या तळाची नोंद कुठल्याच वहीत नाही, आणि ते बिल भरलं ज्याच्याकडे ट्रॉलर नव्हता त्याने.

कोळंबी मी सोडणार नाही, तेवढं मोठं मन नाही माझं. पण जून-जुलैत बाजारात ताजी मासळी कमी मिळाली तर कुरकुर मात्र करणार नाही. तुम्हीही करू नका.