दिल्लीचा डेंग्यू आणि प्लेटलेटचा आकडा

१८८२ साली इटलीच्या जुलिओ बिझ्झोझेरो यांनी रक्तपट्टिकांचे, म्हणजेच प्लेटलेटचे, रक्त थांबवण्याचे काम दाखवले. त्या जंतू ओळखून पांढऱ्या पेशींना इशाराही देतात, हे बऱ्याच नंतर उलगडले.

१९९६ मध्ये डेंग्यूने दिल्लीत चारशेहून अधिक बळी घेतले. २०१५ च्या साथीत इथे बकरीच्या दुधासाठी, पपईच्या पानांसाठी धावपळ झाली. पण लक्षात घ्या: आहारात बी-१२ किंवा फोलेट कमी पडले, तर प्लेटलेट कमी बनतात आणि ती उणीव आहाराने भरते. डेंग्यूत मात्र त्या विषाणूमुळे व प्रतिकारशक्तीच्याच हल्ल्यात घटतात. शिवाय रुग्ण दगावतो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्याने. म्हणून घरी कोणाला डेंग्यू झाला, तर केवळ आकडा विचारू नका. पोटात पाणी किती गेले, लघवी किती झाली, तेही विचारा.