उमेदवाराची मान

'उमेदवार' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. ती धरून बसलेला तो उमेदवार. आज निवडणुकीला उभा राहणाराही उमेदवार आणि नोकरीसाठी अर्ज करणारा पदवीधरही उमेदवारच. परंतु एकोणिसाव्या शतकात या शब्दाला एक निराळा, काहीसा करुण अर्थ होता. मामलेदाराच्या किंवा कलेक्टराच्या कचेरीत बिनपगारी राबणारा मुलगा म्हणजे उमेदवार. कारकुनाच्या हाताखाली बसून त्याने नकला उतरावयाच्या, दप्तरे बांधावयाची, हाकेला ओ द्यावयाची आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहावयाची. याला 'उमेदवारी करणे' म्हणत. जागा कधी मिळे, कधी मिळतही नसे. ज्याचा वशिला असे त्याची उमेदवारी लवकर फळास येई. 'वशिल्याचे तट्टू' हा वाक्प्रचार या कचेऱ्यांच्या परिसरातच चांगला पोसला असला पाहिजे.

अशा उमेदवाराचे वर्तन कसे असावे हे सांगण्यासाठी कोणा पुस्तकाची गरज नव्हती. मान खाली, हात जोडलेले आणि अर्जाच्या शेवटी 'आज्ञाधारक सेवक'. ही सगळी वागणूक आशेपोटी आलेली होती. ज्याचे पोट दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते त्याच्या नम्रतेला सद्गुण म्हणणे कठीण आहे.

ही मर्जी मोडून काढणारे पहिले मोठे साधन म्हणजे लेखी परीक्षा. कंपनी सरकारच्या वरिष्ठ नोकऱ्या पूर्वी डायरेक्टरांच्या शिफारशीने मिळत. शिफारस मिळालेले इंग्रज तरुण हेलीबरीच्या कॉलेजात शिकून हिंदुस्थानात येत. म्हणजे वशिला हा काही केवळ आपल्या मातीतला दोष नव्हता. १८५३ च्या सनदी कायद्याने ही पद्धत बंद केली, १८५४ मध्ये मेकॉले समितीने खुल्या परीक्षेची रूपरेषा आखली आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली चढाओढीची परीक्षा झाली. परीक्षा लंडनला, विषय विलायती, वयाची मर्यादा आखूड. हिंदी तरुणांची वाट बिकटच होती. तरीही उत्तरपत्रिकेला चेहरा नसतो, कूळ नसते आणि तिला मुजराही करता येत नाही, ही गोष्ट लहान नव्हे. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे या परीक्षेत उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली आणि परमुलखात राहिलेल्या या बंगाली अधिकाऱ्याने तुकारामाचे अभंग बंगालीत नेले. स्वप्रांताबाहेर नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना हे उदाहरण विसरण्यासारखे नाही.

१८६९ साली चार हिंदी तरुण एकदम उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि चौथे मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांपैकी बॅनर्जी व ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून यादीतून काढण्यात आली. बॅनर्जींनी मॅट्रिकच्या वेळी आपले वय सोळा असे नोंदविले होते. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगण्याची रीत. पंधरा पुरी होऊन सोळावे लागले की मुलगा सोळा वर्षांचा. इंग्रज आयुक्तांनी ते सोळा पूर्ण वर्षे धरले आणि उमेदवार वयात बसत नाही असा निर्णय दिला. येथे जुना उमेदवार असता तर त्याने कोणा साहेबाचे पाय धरले असते. बॅनर्जींनी क्वीन्स बेंच न्यायालयाची पायरी चढून आपली गणनापद्धती मांडली. अखेर दोघांचीही नावे पुन्हा यादीत आली. आपली जागा कोणाच्या कृपेची नसून हक्काची आहे आणि हक्क कागद दाखवून मागावयाचा असतो, हा नवा उमेदवार येथे प्रथम ठळकपणे दिसतो.

पण वर्तनाची परीक्षा संपली नव्हती. आय.सी.एस. होण्यासाठी घोड्यावर बसण्याचीही परीक्षा द्यावी लागे. अरविंद घोष १८९० मध्ये लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाले. परंतु घोडेस्वारीच्या परीक्षेस ते हजर राहिले नाहीत आणि १८९२ मध्ये त्यांना नाकारण्यात आले. त्यांच्या मनातून ती नोकरी मुळात नकोच होती. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. त्यांनी अरविंदांची भेट घेतली आणि दरमहा दोनशे रुपयांवर त्यांना बडोद्याच्या सेवेत घेतले. ग्रीक-लॅटिन जाणणाऱ्या त्या तरुणाची योग्यता एका मराठी राजाने ओळखली. मुलाखत घेणारा पारखी असेल तर अर्ध्या घटकेचे संभाषणही पुरेसे होते, हे या प्रसंगावरून म्हणता येईल; मात्र सर्वच मुलाखती सयाजीराव घेत नाहीत.

पुण्याकडे याच काळात काही तरुणांनी सरकारी दाराशी जाण्याचेच नाकारले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले. टेंभूच्या गरीब घरातील गोपाळ गणेश आगरकर एम.ए. होत असताना त्यांनी आईला लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. मुलगा मोठा पगारदार होईल ही तिची आशा पुरी होणार नाही, हे त्यांनी तिला आधीच कळविले. येथे 'उमेद' बाळगणारी होती ती आई! तिला ते पत्र कसे लागले असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. तरुणाच्या स्वातंत्र्याची किंमत पुष्कळदा घरातील दुसरेच कोणी मोजते.

पुढच्या पिढीतील दोन नावे शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले. नोकरी सोडून देशकार्यात पडावे की काय, या विचाराने ते लंडनमध्ये लोकमान्य टिळकांना भेटले. या अनुभवाचा पुढे स्वराज्यास उपयोग होईल, तेव्हा नोकरी सोडू नये, असा सल्ला लोकमान्यांनी दिला. सुभाषचंद्र बोस १९२० मध्ये उत्तीर्ण झाले आणि एप्रिल १९२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. एक राहिला, एक गेला. राहिलेल्या देशमुखांनीही १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. तेव्हा नोकरी सोडण्यातच स्वातंत्र्य असते असे नाही. खुर्चीवर बसल्यानंतरही ती सोडण्याची ताकद अंगी राखणे, हीही स्वातंत्र्याचीच एक जात आहे आणि ती अधिक अवघड.

परीक्षा हिंदुस्थानात व्हावी या मागणीस १९२२ मध्ये यश आले व अलाहाबादेस परीक्षा सुरू झाली. १ ऑक्टोबर १९२६ रोजी लोकसेवा आयोग स्थापन झाला. २६ जानेवारी १९५० पासून तो संघ लोकसेवा आयोग म्हणून ओळखला जातो. लेखी परीक्षेला तोंडी परीक्षेची जोड मिळालेली होतीच. 'मुलाखत' या अरबी शब्दाचा अर्थ नुसती भेट. पेशवाईत दोन सरदारांची मुलाखत होई, तेव्हा बसण्याच्या जागेवरून आणि मानपानावरून आधी बोलणी होत, कारण ती बरोबरीच्या माणसांची भेट असे. नोकरीच्या मुलाखतीत मेजाच्या एका बाजूला पाच माणसे आणि दुसऱ्या बाजूला एक. शब्द तोच राहिला, बरोबरी मात्र गेली.

या विषम भेटीत एका तरुणीने काय केले ते पाहण्यासारखे आहे. अ‍ॅना राजम जॉर्ज १९५१ मध्ये आय.ए.एस.च्या मुलाखतीस गेल्या. मंडळाने त्यांना परोपरीने परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. स्त्रियांना 'शोभतील' अशा परराष्ट्र किंवा अन्य केंद्रीय सेवा पुढे केल्या. त्या आवाज न चढवता आपल्या मागणीवर ठाम राहिल्या आणि त्यांनी मद्रास राज्य निवडले. विवाह केल्यास सेवा समाप्त होईल, अशी अट नेमणुकीच्या हुकमातच होती. मुख्यमंत्री राजगोपालाचारी त्यांना जिल्ह्यात पाठविण्यास राजी नव्हते. घोडेस्वारीचे आणि शस्त्रांचे शिक्षण आपणही घेतले आहे, असे सांगून त्यांनी ती जागाही मिळविली व होसूरला त्या उपजिल्हाधिकारी झाल्या. अरविंदांनी ज्या घोड्याकडे पाठ फिरविली, तोच घोडा येथे एका स्त्रीच्या हक्काचा साक्षीदार झाला! पुढे विवाहाची ती अट गेली. याच बाई विवाहानंतर अ‍ॅना मल्होत्रा म्हणून ओळखल्या गेल्या आणि मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची धुरा त्यांनी वाहिली. परराष्ट्र सेवेतील सी. बी. मुथम्मा यांनीही स्त्रियांवरील अशाच जाचक नियमांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली.

मुलाखतीच्या गुणांचा प्रश्नही न्यायालयापुढे गेला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासाठी शंभर गुण लेखी व पन्नास तोंडी होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न वडील कोण, राहता कोठे अशा मासल्याचे. अजय हासिया प्रकरणात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तोंडी परीक्षेस १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरेल. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करावे असेही सुचविले. हरियाणातील अशोककुमार यादव प्रकरणात १९८५ मध्ये सर्वसाधारण उमेदवारांसाठी ही मर्यादा १२.२ टक्के सांगण्यात आली. आज नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे आहेत. आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या 'क' गटातील व 'ब' गटातील अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंदच झाली. ज्या कारकुनी जागेसाठी एके काळी मुलगा वर्षानुवर्षे बिनपगारी उमेदवारी करी, तिच्यासाठी आता कोणासमोर बसून बोलावेही लागत नाही.

यावर जुने सहकारी हळहळतात. माणूस पाहिल्याशिवाय घ्यावयाचा म्हणजे काय, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे नाही. उत्तरपत्रिकेवरून स्वभाव कळत नाही, आणि ज्याला लोकांशी वागावयाचे आहे त्याचे वागणे कोठे तरी पाहिले पाहिजे. परंतु दोन-तीन मिनिटांत आपण काय पाहत होतो? पुष्कळदा इंग्रजीचा उच्चार, कपड्यांची इस्त्री आणि वडिलांचा हुद्दा. प्रस्तुत लेखक ज्या कचेरीत काम करतो तेथे मुलाखतीवाचून आलेल्या मुलामुलींनी लिहिलेल्या टिपणींत, मुलाखत देऊन आलेल्यांच्या मानाने, काही उणे आढळत नाही.

दुसरी एक हळहळ घराघरांतून ऐकू येते. खाजगी कंपनीत मुलाखतीस गेलेली आपली मुले पगार किती, रजा किती, काम काय, असे उलट प्रश्न विचारतात. बदलीच्या गावी दोन खोल्यांत राहून त्यांना वाढविणाऱ्या वडिलांना तो उद्धटपणा वाटतो. आमच्या मते हा प्रश्न आवाजाच्या पट्टीचा आहे, प्रश्न विचारण्याचा नव्हे. जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' म्हणून सांगणे, जे पटत नाही ते शांतपणे न पटल्याचे सांगणे, आणि आपल्या श्रमाचे मोल आधी विचारून घेणे, यांत अविनय कोठे आहे? विनय आणि लाचारी यांची गल्लत आपण पिढ्यान्‌पिढ्या केली, कारण आपल्याला नोकरीची गरज मोठी होती. ती गरज आजही पुष्कळ घरांत तितकीच मोठी आहे, आणि अशा घरातील मुलाने मान खाली घातली तर त्याला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. मान वर ठेवण्याची जबाबदारी एकट्या उमेदवाराची नसते. मेजापलीकडच्या माणसांचीही असते.

आपल्यापैकी अनेकांना आज ना उद्या त्या बाजूस बसावे लागेल. कोणी विभागीय निवड समितीवर असेल, कोणी एखाद्या शाळेच्या वा संस्थेच्या नेमणुकीत. समोर येणारा मुलगा घाबरलेला असेल, त्याची भाषा अडखळेल. त्याला प्रथम बसावयास सांगावे, त्याच्या कामाविषयी विचारावे, त्याच्या बापाविषयी विचारू नये. त्याने उलट प्रश्न केला तर त्याचे नीट उत्तर द्यावे. मुलाखत या शब्दातली हरवलेली बरोबरी परत आणण्याचे काम कायद्याने थोडेबहुत केले आहे. उरलेले या बाजूच्या खुर्चीवरून होण्यासारखे आहे.