३ फेब्रुवारी : रेषेचा विचार करणारे वसंत सरवटे

कोल्हापुरात १९२७ साली आजच्या दिवशी जन्मलेले वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता. नोकरी एसीसी या सिमेंट कंपनीत. तरी व्यंगचित्र हे स्वतंत्र लेखनच आहे, हे मराठीत कुणी पटवून दिले असेल तर या गृहस्थाने. गिरगावातल्या मॅजेस्टिक प्रकाशनाच्या केशवराव कोठावळ्यांनी १९६४ मध्ये ‘ललित’ मासिक काढले. त्यातल्या ‘ठणठणपाळ’ या सदराला सरवट्यांनीच रूप दिले. सदराचे लेखक जयवंत दळवी आहेत हे सुरुवातीला गुप्त होते. वाचकाला दिसत होती ती सरवट्यांची रेषा. मजकुराच्या आधाराने उभे राहणारे चित्र दुय्यमच, असे कुणी म्हणेल. पण ‘ललित’ची त्यांची मुखपृष्ठे पाहावीत. लेखक, प्रकाशक, वाचक या साऱ्या गोतावळ्यावरचे ते भाष्य कोणत्याही लेखाचे शेपूट नव्हते. ‘परकी चलन’ या पुस्तकात त्यांनी परदेशी व्यंगचित्रकारांची मर्मग्राही ओळख करून दिली. समीक्षा करू लागला की चित्रकाराचा हात अवघडतो म्हणतात; सरवट्यांचा नाही अवघडला. २४ डिसेंबर २०१६ रोजी ते गेले. चित्र वाचायला शिकवणारी मराठी पुस्तके मात्र आजही मोजकीच आहेत.